बावस्कर, हिम्मतराव साळुबा : प्रकाशने आणि उद्धरणे

(३ मार्च १९५१ – ). विंचूदंशावरील उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे वैद्यकीय संशोधक आणि महाड (जि. रायगड) येथील डॉक्टर. जन्म देहेड या गावी. हे गाव आज जालना जिल्ह्यात मोडते. पण जालना जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. बावस्कर जन्मले तेव्हा देहेड औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात होते आणि औरंगाबाद हैदराबाद राज्यात.  बावस्कर शिकायला नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गेले. घरच्या गरिबीची आणि मोलमजुरी करत केलेल्या शिक्षणाची हकीकत त्यांनी ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मचरित्रात सांगितली आहे. १९७६ मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. पुढे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम. डी. होऊन ते पुन्हा महाडलाच आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्यांच्या शोधनिबंधांचा आणि त्या निबंधांची दखल कशी घेतली गेली याचा विचार केला आहे.

विंचू मराठी माणसाला नवा नाही. पैठणच्या एकनाथांनी त्याला भारुडात आणून मनातल्या विकारांचे रूपक केले, आणि गावोगावी तो उतरवणारे मांत्रिक परवापर्यंत होते. बहुतेक विंचू चावले की नुसती आग होते, रात्रभर ठणका लागतो आणि सकाळी माणूस उठून कामाला जातो. मांत्रिकाची पत टिकली ती या बहुतेकांवर. कोकणातला लाल विंचू यातला नव्हे. त्याच्या विषाने मज्जातंतूंतील सोडियमच्या वाटा उघड्याच राहतात आणि शरीरातली ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये एकदम रक्तात ओतली जातात. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयावरचा भार वाढत जातो. काही तासांत हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते आणि तोंडाला गुलाबी फेस येतो. दगावणाऱ्यांत लहान मुले अधिक. विंचूदंशाने फुप्फुसात पाणी होते हे मुंडले यांनी १९६१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नोंदवले होते. हृदयावरच्या परिणामांविषयी त्रिनिदादमधून पून-किंग यांनी आणि इस्राएलमधून गेरॉन यांनी लिहिले होते. पण रोग्याच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरने करायचे काय, हे कोणी सांगितले नव्हते. गुंगीच्या औषधांचे मिश्रण, स्टेरॉइड, ॲलर्जीवरची इंजेक्शने असे जे हाताशी येईल ते दिले जाई.

बावस्करांचा पहिला महत्त्वाचा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मार्च १९८२ मध्ये आला, पृष्ठे ५५२ ते ५५४, म्हणजे अवघी तीन. लाल विंचू चावलेल्या रोग्याचे हृदय धोक्यात येणार असल्याची पूर्वसूचना देणारी लक्षणे हा त्याचा विषय. वांती, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, पुरुष रोग्यांमध्ये लिंगाचा ताठरपणा. ही लक्षणे दिसली की रोगी वरून बरा वाटला तरी घरी सोडायचा नाही. या निबंधाला प्रयोगशाळा लागली नाही. लागली ती रोग्यापाशी रात्र काढण्याची आणि दर थोड्या वेळाने नाडी व रक्तदाब लिहून ठेवण्याची सवय. आरोग्य केंद्रातल्या केसपेपरचा शोधनिबंध होऊ शकतो हे या तीन पानांनी दाखवले, आणि आमच्या मते बावस्करांच्या साऱ्या लेखनाची नाळ तिथेच आहे.

दुसरे प्रकाशन १९८६ चे. तेही ‘लॅन्सेट’मध्येच, आणि त्याहून लहान : पृष्ठे ५१० व ५११ वरचे पत्रवजा टिपण. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या आल्फा ग्राहींना रोखणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध विंचूदंशाच्या रोग्याला दिले तर हृदयावरचा भार उतरतो, असे त्यात मांडले होते. मुलांसाठी मात्रा दर किलो वजनामागे ३० मायक्रोग्रॅम. गोळी तोंडाने द्यायची, महाग नाही, औषधाच्या दुकानात आधीपासून असलेली. तिच्यावर पैसा लावावा असे कोणत्याही कंपनीला वाटले नसते, आणि वाटलेही नाही. बावस्करांनी स्वतः दिलेल्या आकड्यांनुसार १९६१ ते १९८३ या काळात गंभीर रोग्यांतले सुमारे २५ ते ३० टक्के दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले. पुढच्या लेखकांच्या प्रस्तावनांत हेच आकडे फिरताना दिसतात. ते तपासून घ्यावेत असे आहेत, कारण ही तुलना आधीच्या आणि नंतरच्या काळाची आहे. या मधल्या वर्षांत रस्ते झाले, जीपगाड्या आल्या, रोगी लवकर पोचू लागले. तरी नुसत्या जीपगाडीने मृत्यू इतके घटत नाहीत, हेही खरे.

यानंतरची प्रकाशने याच विषयाला निरनिराळ्या बाजूंनी भिडतात. ‘ॲनल्स ऑफ ट्रॉपिकल पीडिॲट्रिक्स’ (१९९१) मध्ये ३४ मुलांचा आढावा, ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ (१९९२) आणि ‘टॉक्सिकॉन’ (१९९४) मध्ये हृदयावरचे परिणाम, ‘हार्ट’ (१९९९) मध्ये उपचारांचा सारांश, आणि भारतीय डॉक्टरांच्या संघटनेच्या मुखपत्रात २०००, २००७ व २०१२ मध्ये मोठे लेख. सर्पदंशावरही त्यांनी लिहिले : पश्चिम महाराष्ट्रातल्या सर्पदंशाचे चित्र मांडणारा निबंध २००२ चा, तर सर्पदंश हा गरिबीचा दुर्लक्षित रोग असल्याचे सांगणारे टिपण ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ चे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले. विंचू मात्र बाहेरच राहिला. २००८ च्या एका जागतिक आढाव्यात वर्षाला बारा लाखांवर विंचूदंश आणि ३,२५० हून अधिक मृत्यू असा अंदाज दिला आहे.

सर्वाधिक चर्चा झाली ती ‘बीएमजे’मधल्या (पूर्वीचे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’) २०११ च्या निबंधाची. विंचूदंशावर प्रतिविष द्यावे की नाही, या वादाची पार्श्वभूमी अशी : ट्युनिशियातल्या ८२५ रोग्यांच्या चाचणीत (‘लॅन्सेट’, १९९९) विंचवाच्या प्रतिविषाचा काही फायदा दिसला नव्हता, उलट अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात १५ मुलांवर झालेल्या चाचणीत (२००९) प्रतिविष फार गुणकारी ठरले. विंचू वेगळे, विष वेगळे. महाडमध्ये बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी ७० रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट केले. ३५ जणांना नुसते प्राझोसिन दिले आणि ३५ जणांना प्राझोसिनसोबत लाल विंचवाचे प्रतिविष. दहा तासांत बरे झाले ते पहिल्या गटात ८ आणि दुसऱ्यात ३२. बरे व्हायला लागलेला सरासरी वेळ १७.७ तास आणि ८ तास. ज्या गोळीने नाव मिळवून दिले ती एकटी पुरेशी नाही, हे गोळी आणणाऱ्यानेच आकड्यांनी सांगितले, हा या निबंधाचा मोठेपणा. चाचणी उघड होती. कोणाला काय दिले ते डॉक्टरांना माहीत होते, आणि रुग्णालय लेखकांचे स्वतःचे. हे उणेपण धरूनच तो वाचावा.

उद्धरण म्हणजे एका निबंधाने दुसऱ्याचा संदर्भसूचीत केलेला उल्लेख. असे उल्लेख मोजण्याची कल्पना यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि त्यांची सूची १९६४ पासून निघू लागली. होर्हे हिर्श यांचा ‘एच’ निर्देशांक २००५ चा : किमान दहा उल्लेख मिळालेले दहा निबंध असतील तर निर्देशांक १०. बावस्करांच्या बाबतीत हे दोन्ही गज आखूड पडतात. या नोंदीत एकूण उद्धरणांचा आकडा दिलेला नाही तो यामुळेच. गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स यांचे आकडे जुळत नाहीत आणि ते रोज हलतात.

मोजदादीतली पहिली अडचण नावांची, आणि ती अस्सल मराठी आहे. बावस्करांच्या बहुतेक निबंधांवर दोन नावे असतात : बावस्कर एच. एस. आणि बावस्कर पी. एच. दुसरे नाव पत्नी डॉ. प्रमोदिनी हिम्मतराव यांचे. पुढे मुलगा डॉ. पराग हिम्मतराव हेही सहलेखक झाले. बाईला नवऱ्याचे नाव, मुलाला बापाचे. त्यामुळे इंग्रजी आद्याक्षरांत आई आणि मुलगा दोघेही पी. एच.! एकाच निबंधावर ‘बावस्कर पी. एच.’ लागोपाठ दोनदा छापलेले दिसते. मोजणाऱ्या यंत्राला ही छपाईची चूक वाटते किंवा दोघे मिळून एकच माणूस. शिवाय विंचवाचेही नाव स्थिर नाही : जुन्या निबंधांत तो बुथोटस टॅम्युलस, मग मेसोब्युथस टॅम्युलस, आता हॉटेंटोटा टॅम्युलस. शास्त्रीय नावाने शोधणाऱ्याला साहित्याचा एकतृतीयांशच भाग सापडला तर नवल नाही.

दुसरी अडचण प्रकाराची. पत्र आणि टिपण यांना मोजदादीत कमी लेखले जाते. नियतकालिकाचा प्रभावांक, म्हणजे निबंधामागे सरासरी उद्धरणे, काढताना पत्रांना मिळालेली उद्धरणे वरच्या अंकात धरतात, पण खालच्या निबंधसंख्येत पत्रे धरत नाहीत. १९८६ चे टिपण याच जातीचे. वर लेखकाचा पत्ता महाडसारख्या गावचा : विद्यापीठ नाही, मोठा विभाग नाही, एकमेकांचे निबंध उद्धृत करणारे सहकारी नाहीत. स्वतःच्या आधीच्या निबंधांचा उल्लेख बावस्करांच्या लेखांत पुष्कळ येतो, आणि एरवी हा दोष मानतात; पण एखाद्या विषयावर वीस वर्षे जवळजवळ एकट्यानेच लिहिल्यावर दुसऱ्या कोणाचा द्यायचा, असा प्रश्नही रास्त आहे.

तिसरी अडचण यशाची. शोध सर्वमान्य झाला की त्याचा मूळ निबंध उद्धृत करणे थांबते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या विलयाची नोंद घेतली आहे. पाठ्यपुस्तकात शिरलेल्या प्राझोसिनला आज कोणी १९८६ ची तळटीप जोडत बसत नाही. रात्रपाळीचा डॉक्टर केसपेपरवर ‘टॅब. प्राझोसिन’ लिहितो, खाली सही करतो. हा उल्लेख कोणत्याही सूचीत जात नाही.

संशोधनाबाहेर बावस्करांचे नाव गाजले ते २०१३ मध्ये, रोगी पाठवल्याबद्दल एका तपासणी केंद्राकडून आलेल्या १,२०० रुपयांच्या धनादेशाविरुद्ध त्यांनी वैद्यकीय परिषदेकडे केलेल्या तक्रारीमुळे. बुलढाण्याकडच्या मूत्रपिंडविकाराचा पाण्यातल्या जड धातूंशी संबंध आहे का, याविषयीही त्यांनी लिहिले. विंचवावरच्या कामाइतकी त्याची चर्चा झाली नाही.

वाचकासाठी एवढेच : विंचू चावलेल्या मुलाला ओकारी होत असेल, अंग घामाने निथळत असेल आणि हातपाय गार लागत असतील, तर ठणका कमी आहे म्हणून घरी थांबू नये, विंचू उतरवायला नेऊ नये, सरळ जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. ही लक्षणे १९८२ च्या त्या तीन पानांतली आहेत.