कॉमन रूम : दोन तासांमधली जागा

वर्ग, ग्रंथालय आणि कार्यालय यांखेरीज शाळा-महाविद्यालयांत सर्वांनी मिळून वापरावयाची जी बैठकीची खोली असते, तिला 'कॉमन रूम' म्हणतात. शाळेत ती शिक्षक खोली होते, महाविद्यालयात 'लेडीज रूम'. मुलग्यांच्या वाट्याला बहुधा जिमखान्यातील कॅरमचे टेबल येते.

ही कल्पना इंग्लंडमधील. ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयात १६६१ मध्ये अध्यापकांसाठी अशी खोली सुरू झाली. पुढे अध्यापकांची 'सीनियर', पदव्युत्तर विद्यार्थ्यांची 'मिडल' आणि पदवीच्या विद्यार्थ्यांची 'ज्युनिअर' अशी विभागणी रूढ झाली. यांपैकी 'ज्युनिअर कॉमन रूम' म्हणजे नुसती खोली नव्हे, तर विद्यार्थ्यांची प्रातिनिधिक संघटनाच.

१८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने मात्र आदर्श ठेवला तो लंडन विद्यापीठाचा. परीक्षा घेणे आणि महाविद्यालयांना संलग्नता देणे हे त्याचे मुख्य काम. महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी घरून ये-जा करणारे. त्यामुळे आपल्याकडे कॉमन रूमला मंडळाचे नव्हे, प्रतीक्षालयाचे रूप आले.

हे रूप कमी महत्त्वाचे नाही. भिवंडी तालुक्यातील दापोडे हे आज गोदामांचे गाव म्हणून ओळखले जाते. दापोडे, मानकोली, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यातून भिवंडीला किंवा ठाण्याला शिकायला जाणाऱ्या मुलीला अवजड वाहनांच्या गर्दीतून वाट काढावी लागते. दिवा-वसई मार्गावर भिवंडी रोड स्थानक आहे, पण तेथे मुंबईच्या लोकलसारखी दर काही मिनिटांनी गाडी नाही. मधला तास झाला नाही म्हणून घरी जाऊन परत येणे तिला शक्य नसते. पंखा, पिण्याचे पाणी, लगतचे स्वच्छतागृह आणि दाराला आतून कडी एवढे असले, तरी तिचा दिवस सुसह्य होतो.

नियमांत याची दखल आहे, पण असमान. राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेने (नॅक) २०१७ मध्ये आणलेल्या मूल्यांकन पद्धतीत स्त्री-पुरुष समानतेच्या निकषाखाली सुरक्षितता व समुपदेशनाबरोबर कॉमन रूमची नोंद झाली. तंत्रशिक्षण परिषदेच्या मानकांतही मुलामुलींच्या स्वतंत्र कॉमन रूम आल्या. अर्थात नोंद झाली म्हणजे खोली उघडी राहिली असे नव्हे. पाहणी समिती येऊन गेल्यावर किल्ली कोणाकडे असते, हे विचारलेले बरे.

प्राथमिक शाळांचे चित्र वेगळे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, तसेच कार्यालय, भांडार आणि मुख्याध्यापक कक्ष यांची मिळून एक खोली सांगितली आहे. स्वच्छतागृहे, पाणी, मैदान, कुंपण यांचाही उल्लेख आहे. शिक्षक खोलीचा नाही. तेच परिशिष्ट शिक्षकांच्या आठवड्याच्या किमान ४५ तासांच्या कामात पूर्वतयारीचे तासही धरते. ती तयारी कोठे बसून करावयाची, हे त्यात लिहिलेले नाही.