अडथळ्यांची वाट : उंबरखिंड ते चिखलातली शर्यत

भर पावसाळ्यातली सकाळ. कर्जत-खालापूर परिसरातल्या एखाद्या माळावर मुद्दाम भिजवून ठेवलेला चिखल, त्यावर गुडघाभर उंचीवर ताणलेली जाळी, पुढे दोरखंड आणि शेवटी सरळसोट लाकडी भिंत. चौघांचा चमू रांगत तिथवर येतो. एक जण भिंतीला पाठ लावून दोन्ही हातांची ओंजळ करतो, दुसरा त्या ओंजळीत पाय रोवून वर चढतो, पालथा पडतो आणि खालच्याला हात देतो. सर्वांत वेगवान धावपटूलाही ही भिंत एकट्याने जमतेच असे नाही.

पैसे भरून अडथळे ओलांडण्याची ही हौस जेमतेम चार दशकांची आहे. या परिसरातला अडथळा मात्र फार जुना. एकेकाळी तो शस्त्र होता, नंतर तो शत्रू झाला आणि आता तो मुद्दाम बांधला जातो.

आधी शर्यतीचे कूळ. १९०२ साली कॅरिबियनमधील मार्टिनिक बेटावर माउंट पेले ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि सें-पिएर हे शहर राख झाले. तेथील बचावकार्यात जॉर्ज एबेर हा फ्रेंच नौदल अधिकारी होता. संकटात उपयोगी न पडणारे बळ व्यर्थ, अशी त्याची धारणा होती. चालणे, धावणे, चढणे, रांगणे, तोल सावरणे, ओझे वाहणे, पोहणे अशा नैसर्गिक हालचालींवर त्याने आपली व्यायामपद्धती उभी केली. फ्रेंच सैन्यातील अडथळा-मार्गांची परंपरा तिच्याशी जोडली जाते. पुढे असे मार्ग जगभरच्या सैनिकी शिक्षणाचा भाग झाले. आपल्याकडे एनसीसीच्या शिबिरात गेलेल्यांना त्यांची ओळख वेगळी करून द्यायला नको.

सैनिकी मार्ग नागरी हौसेच्या वाटेवर आला तो इंग्लंडमध्ये. १९८७ साली स्टॅफर्डशायरमधील एका शेतजमिनीवर बिली विल्सन या माजी सैनिकाने ‘टफ गाय’ ही शर्यत सुरू केली. जानेवारीतले गोठणारे पाणी आणि चिखल ही तिची ओळख ठरली. २०१० साली अमेरिकेत ‘टफ मडर’ सुरू झाले आणि तिथे एक महत्त्वाचा बदल घडला. त्यात घड्याळाला किंमत नव्हती. स्वतःच्या वेळेपेक्षा सोबत्याची मदत मोठी, अशी प्रतिज्ञाच सहभागींकडून घेतली जाई. भिंतीवरून हात देणारा तो गडी या बदलातून आला.

आता पुन्हा खालापूर. खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून जवळच चावणी गाव आहे आणि तिथेच उंबरखिंड. पुण्यात तळ देऊन बसलेल्या शायिस्ताखानाने कारतलबखान या उझबेक सरदाराला कोकणात उतरण्याची आज्ञा दिली. सोबत माहूरची पराक्रमी सरदारीण रायबागन होती. लोणावळ्याच्या बाजूने ही फौज घाट उतरू लागली. वाट इतकी अरुंद की अवजड लवाजम्यासह चालणाऱ्या सैन्याची लांबच लांब रांग झाली. पुढच्याला मागच्याची खबर नाही, आणि मागे वळायला जागा नाही.

दिवस होता २ फेब्रुवारी १६६१. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त या प्रसंगाचे सविस्तर वर्णन आहे. घनदाट रान, वाऱ्याची झुळूक नाही, घशाला कोरड, आणि झाडीत दबा धरून बसलेले मराठे. इथे चिखल नव्हता, हे आवर्जून सांगायला हवे. मराठ्यांच्या लढाया म्हटल्या की धो-धो पाऊस चितारण्याची आपल्याकडे खोड आहे. उंबरखिंडीत मोगलांना पाण्याच्या अभावाने हैराण केले. महाराजांनी खिंडीची दोन्ही तोंडे रोखली. अखेर रायबागनने कारतलबखानाला शरण जाण्याचा सल्ला दिला, त्याने तो मानला आणि खंडणी देऊन, सामानसुमान मागे टाकून फौज सुटली. एक भिंतही न बांधता सह्याद्रीने अडथळा-मार्ग उभा केला होता. फरक इतकाच की एका चमूला तो तळहातासारखा पाठ होता आणि दुसऱ्याला त्याची कल्पनाही नव्हती.

जवळच्याच बोरघाटाकडे इंग्रजांनी वेगळ्या नजरेने पाहिले. त्यांना हा अडथळा वापरायचा नव्हता, पुसायचा होता. १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात घाटातून गाडीरस्ता खुला झाला. मग आली रेल्वे. १८५६ मध्ये काम सुरू झाले. सुमारे पंधरा मैलांत १८३१ फूट चढायचे, २५ बोगदे खोदायचे. कड्यावर पाय ठेवायला जागा नसे तिथे मजुरांना दोरखंडाने खाली सोडून सुरुंगाची भोके पाडून घेतली जात. आजच्या शर्यतीत दोर असतो तेव्हा खाली गादी किंवा पाणी असते.

पावसाळ्यात उघड्यावरचे काम बहुतांशी थांबे. उरलेल्या महिन्यांत पुरुष, स्त्रिया आणि मुलेही माती वाहत. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगल केली आणि त्याच वर्षी फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतले आणि अभियंत्यांच्या साहाय्याने ते तडीस नेले. तिच्याविषयी अजून एखादे मराठी पुस्तक का नसावे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. १८६१ च्या जानेवारीत या घाटात सुमारे ४२ हजार माणसे राबत होती. कॉलरा त्यांच्या झोपड्यांमधून फिरत होता. मुख्य अभियंता जेम्स बर्कली याचे नाव इतिहासात राहिले, तोही मार्ग सुरू होण्याआधी, १८६२ साली मरण पावला. माती वाहणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट रेल्वेसाठी खुला झाला.

अडथळा पुसला गेला असे तेव्हा वाटले असेल. प्रत्यक्षात १ : ३७ हा चढ अजून तसाच आहे. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या कर्जतला थांबतात. चिखलाने माखलेले बूट पिशवीत कोंबून शर्यतीहून परतणारी पोरे खिडकीशी बसलेली असतात. फलाटावर वडापावची हाक चाललेली असते. तेवढ्यात गाडीच्या शेपटाकडून हलका धक्का बसतो. मागे बँकर इंजिने जोडली गेलेली असतात. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात आणि गाडी घाट चढू लागते.