थुंकी तपासणी (क्षयरोग)

थुंकी तपासणी किंवा बेडका तपासणी ही फुप्फुसांच्या क्षयरोगाच्या निदानासाठी प्रयोगशाळेत केली जाणारी तपासणी आहे. रुग्णाने खोकून काढलेल्या बेडक्यात क्षयाचे जंतू आहेत काय, हे तिच्यावरून समजते. अलीकडच्या पद्धतींत ते जंतू काही प्रमुख औषधांना दाद देतात की नाही, हेही कळते. भारतात शासकीय आरोग्य केंद्रांमध्ये ही तपासणी विनामूल्य केली जाते. नमुने किती घ्यावेत व ते कशावर तपासावेत, यासंबंधीचे नियम २००७ नंतरच्या काळात पुष्कळ बदलले आहेत.

नमुना

आरोग्य खात्याच्या फलकांवर 'थुंकी' हा शब्द रूढ झाला असला, तरी तो काहीसा दिशाभूल करणारा आहे. तोंडातील लाळ म्हणजे थुंकी. तपासणीसाठी हवा असतो तो छातीतून खोकल्यावाटे वर येणारा घट्ट, चिकट बेडका. 'डबीत थुंका' एवढेच सांगितले, तर रुग्ण लाळच देतो आणि रोग असूनही अहवाल 'जंतू आढळले नाहीत' असा येण्याचा संभव असतो. मराठीत 'बेडका' हा नेमका शब्द उपलब्ध असताना तो मागे पडावा, हे नवलच म्हणावे लागेल.

नमुना देण्यापूर्वी रुग्णाने साध्या पाण्याने चूळ भरावी, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा आणि मग जोराने खोकून बेडका रुंद तोंडाच्या, फिरकीच्या झाकणाच्या डबीत काढावा. रात्रभर साचलेला असल्यामुळे सकाळी उठल्याबरोबरचा बेडका अधिक उपयुक्त मानतात. खोकताना जंतू हवेत पसरतात, म्हणून नमुना बंद खोलीत किंवा शौचालयात न देता उघड्या, हवेशीर जागी, इतरांपासून दूर उभे राहून द्यावा.

लहान मुले बेडका बाहेर न टाकता गिळतात. त्यामुळे पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातील द्रव काढावा लागे. त्यासाठी मुलाला बहुधा रुग्णालयात ठेवावे लागे व त्याचे हालही होत. २०२० पासून जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या बाबतीत जनुकीय तपासणीसाठी शौचाचा नमुनाही ग्राह्य मानला आहे.

सूक्ष्मदर्शकाचा काळ

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्यानंतर लवकरच झील व नीलसन या जर्मन वैद्यांच्या नावाने ओळखली जाणारी रंजनपद्धत प्रचारात आली. काचपट्टीवर पसरलेल्या बेडक्यावर कार्बोल फुक्सिन हे रंगद्रव्य घालून ती तापवतात, मग आम्लाने धुतात. इतर पेशींचा रंग निघून जातो, पण क्षयजंतूच्या मेणचट आवरणामुळे त्याचा रंग टिकतो आणि निळ्या पार्श्वभूमीवर तो लाल काडीसारखा दिसतो. शंभर दृष्टिक्षेत्रे तपासूनही एकही जंतू न आढळल्यास अहवाल नकारार्थी देतात. पद्धत स्वस्त व खात्रीची. मात्र एक मिलिलिटर बेडक्यात साधारणपणे पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते नजरेस पडत नाहीत.

तीन नमुन्यांवरून दोन नमुन्यांवर

पूर्वी तीन नमुने घेत: पहिला केंद्रात आल्या दिवशी, दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आणि तिसरा तो नमुना आणून देताना पुन्हा केंद्रात. अहवालासाठी आणखी एक खेप पडे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाचे यात दोन-तीन दिवस बुडत आणि काही रुग्ण परत येतच नसत. सूक्ष्मदर्शकाने सापडणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ८५ टक्के पहिल्याच नमुन्यात सापडतात, तिसऱ्या नमुन्याने जेमतेम दोन ते पाच टक्क्यांची भर पडते, असे अभ्यासांतून दिसून आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये दोन नमुने पुरेसे मानले. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने २००९ मध्ये हा बदल स्वीकारला. त्याच वेळी तपासणीसाठी आवश्यक असलेल्या खोकल्याची मुदत तीन आठवड्यांवरून दोन आठवड्यांवर आणली गेली.

रक्त तपासणीवर बंदी

याच काळात अनेक खाजगी प्रयोगशाळा रक्तातील प्रतिपिंडे पाहून क्षयाचे निदान करीत. बेडका देण्यापेक्षा रक्त देणे रुग्णालाही सोपे वाटे. परंतु या चाचण्या निरोगी माणसाला रोगी आणि रोग्याला निरोगी ठरवीत. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या न वापरण्याचा सल्ला दिला. क्षयाच्या एखाद्या चाचणीविरुद्ध तिने असा स्पष्ट सल्ला देण्याची ही पहिलीच वेळ होती. जून २०१२ मध्ये भारत सरकारने या चाचण्यांची आयात, निर्मिती, विक्री व वापर यांवर बंदी घातली.

जनुकीय तपासणी

औषधाला दाद न देणारा क्षय ओळखण्यासाठी पूर्वी जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहावे लागत. घन माध्यमावर त्याला सहा ते आठ आठवडे लागत आणि औषधांची परीक्षा त्यानंतर होई. तोवर रुग्ण निरुपयोगी गोळ्या घेत राही आणि घरातल्यांना संसर्ग देत राही. मुंबईत हा प्रश्न विशेष तीव्र होता. डिसेंबर २०११ मध्ये हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी चाचणी केलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले. 'संपूर्ण औषधप्रतिरोधी' हा त्यांचा शब्द केंद्र सरकारने मान्य केला नाही. दुखण्याचे गांभीर्य मात्र त्यामुळे देशभर चर्चेत आले.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये शिफारस केलेल्या जीनएक्स्पर्ट यंत्रात (भारतातील प्रचलित नाव 'सीबीनॅट') बेडका द्रावणात मिसळून बंद कुपीत घालतात. दोन तासांच्या आत क्षयजंतूचे अस्तित्व आणि रिफॅम्पिसिन या औषधाला त्याचा प्रतिरोध, ही दोन्ही उत्तरे मिळतात. यंत्राला अखंड वीज व शक्यतो वातानुकूलित खोली लागते. त्या तुलनेने गोव्यातील मोलबायो कंपनीचे 'ट्रूनॅट' हे बॅटरीवर चालणारे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रातही वापरता येते. २०२० मध्ये त्यालाही जागतिक मान्यता मिळाली.

तरीही सूक्ष्मदर्शक कालबाह्य झालेला नाही. जनुकीय चाचणीला मेलेल्या जंतूंचे अवशेषही सापडतात. त्यामुळे उपचार लागू पडत आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी ती चालत नाही. त्याकरिता बेडक्याची काचपट्टी किंवा कल्चर यांवरच विसंबावे लागते.