गाडगे महाराजांचे आरोग्यप्रबोधन

संत गाडगे महाराज (२३ फेब्रुवारी १८७६ – २० डिसेंबर १९५६) यांनी वैद्यकाचे शिक्षण नसताना कीर्तनांतून आरोग्यविषयक लोकजागृती केली. त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. बालपण अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामांकडे गेले. दिवसा खराट्याने गाव झाडून रात्री ते कीर्तन करीत. स्वच्छता व व्यसनमुक्ती यांचा उपदेश करताना नवस आणि पशुबळी यांचा ते निषेध करीत. त्यांचा भर रोगोपचारावर नसून सवयी बदलण्यावर होता. वैद्यकेतर व्यक्तीच्या जाहीर उपदेशाची मर्यादा कायद्यातही आढळते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. स्वच्छतेच्या प्रसारास मात्र असे कोणतेही बंधन नाही.