एका मास्तराचे गणित आणि चार स्पीकर

दिवाळीच्या आधी दोन दिवस आमच्या घरी एक ठरलेला प्रसंग घडतो. माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली येतो, त्यातून दिव्यांची जुनी माळ निघते, मी ती लावून बटण दाबतो आणि काहीच होत नाही. हातात चकलीचा सोऱ्या घेऊन सौभाग्यवती स्वयंपाकघरातून डोकावतात व म्हणतात, "नवी आणा म्हटलं होतं ना!" मी निमूटपणे एकेक दिवा चाचपू लागतो. एक दिवा रुसला की त्याच्यामागे सारी पंगत उठून जाते, हा त्या जुन्या माळेचा स्वभाव. घरातल्या दिव्यांचे तसे नसते. न्हाणीघरातला दिवा गेला म्हणून देवघरात अंधार होत नाही. माळेतली जोडणी ती एकसर आणि घरातली ती समांतर.

हे दोन शब्द मी कित्येक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. त्यांचा अर्थ मात्र मला शाळेच्या एका स्नेहसंमेलनात कळला, आणि कळला तेव्हा एका पोराचे नुकसान करून बसलो होतो.

आमचा एक माजी विद्यार्थी विजेवरची गिटार वाजवायचा. पैपै साठवून त्याने एक जुना अॅम्प्लिफायर घेतला होता. तो संमेलनात वाजवणार म्हणून सारी शाळा उत्सुक होती. त्याच्याजवळ स्पीकर दोनच होते, आणि मांडव तर मैदानभर. मी म्हणालो, "अरे, शाळेचे दोन पडून आहेत, तेही जोडू!" तो जरा घुटमळला, पण मास्तरांपुढे काय बोलणार? मी चारही स्पीकरांच्या तारा एकत्र पिळून त्याच्या यंत्राला लावल्या. एक गाणे उत्तम झाले. दुसऱ्याच्या मध्यावर जळका वास आला, आवाज घोगरा झाला आणि मग नुसती शांतता. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. पोरगा एवढेच म्हणाला, "असू द्या, सर." त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते.

त्या रात्रीपासून मी या विषयाच्या मागे लागलो. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले, आणि कादंबरी लिहिणाऱ्याला ओहमची चौकशी करण्याचे एरवी कारणही नाही. पण शोधता शोधता ज्या माणसापाशी जाऊन पोचलो, तो निघाला माझ्याच धंद्यातला.

गेओर्ग सिमोन ओहम जर्मनीतल्या एर्लांगेन गावी १७८९ साली जन्मला. बाप कुलुपे बनवणारा. ओहम कलोनच्या शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवी, आणि शाळेच्या उपकरणांवर प्रयोग करी. १८२७ साली त्याने आपला सिद्धान्त पुस्तकरूपाने मांडला. विजेचा दाब वाढला तर धारा त्याच प्रमाणात वाढते आणि वाटेतला रोध वाढला तर ती कमी होते, एवढेच त्याचे सार. आज आठवी-नववीतले पोर ते घडाघडा म्हणते. त्या वेळी मात्र पंडितांनी त्याचे स्वागत थंडपणे केले, आणि निराश होऊन ओहमने नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले, तोवर १८४१ साल उजाडले होते. १८५४ मध्ये तो वारला. पुढे १८८१ साली पॅरिसच्या परिषदेत रोधाच्या मापाला त्याचेच नाव मिळाले. आज कितीतरी स्पीकरांच्या पाठीवर आठ किंवा सोळा या आकड्यापुढे या मास्तराचे नाव छापलेले असते.

वाचकहो, मळ्यातला पाण्याचा पाट डोळ्यांपुढे आणा. पाटाला एकाऐवजी शेजारी शेजारी चार दारे पाडली तर पाणी चौपट सुटेल, पण विहिरीवरच्या पंपाला तेवढे उपसावे लागेल. समांतर जोडणी ती हीच. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की रोध चारवर येतो. चार जोडले की दोनवर. उलट एकाच पाटात एकापुढे एक अशा दोन अरुंद मोऱ्या बसवल्या तर पाणी अडखळेल. ती एकसर जोडणी, आणि तिथे आठ नि आठ सोळा होतात. खरे पाहता स्पीकरचा रोध स्वराच्या उंचीप्रमाणे बराच बदलतो. पण हिशेबाला हा आकडा पुरतो. त्या पोराच्या यंत्रामागे बारीक अक्षरांत लिहिले होते, चार ओहमपेक्षा कमी नको. मी त्याला दोनवर आणून ठेवले. धारा दुपटीला गेली आणि बिचाऱ्याचा पंपच जळाला.

आता गंमत पाहा. चार स्पीकर समांतर जोडण्याची हीच कृती अमेरिकेत एका माणसाने केली आणि तो अजरामर झाला! कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर होता. स्वतः त्याला गिटार वाजवता येत नसे. आपण आज पाहतो तो स्पीकर, म्हणजे चुंबकाच्या फटीत हलणारे तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटलेला कागदी शंकू, याला चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली व्यवस्थित रूप दिले होते. पण कागद तो कागद. मोठ्या आवाजापुढे एकटा शंकू थरथरायचा, फाटायचा. फेंडरने १९५२ साली खर्जाच्या गिटारसाठी 'बासमन' नावाचा अॅम्प्लिफायर काढला, त्यात पंधरा इंचांचा एकच स्पीकर होता. १९५५ च्या सुमारास त्याने त्याजागी दहा इंचांचे चार बसवले. भार चौघांत वाटला गेला आणि हवा ढकलायला चार शंकू मिळाले. चारही आठ ओहमचे आणि समांतर, म्हणजे दोन ओहम. मग त्याचे यंत्र का जळले नाही? कारण बाहेर पडणाऱ्या विजेचा ट्रान्सफॉर्मर त्याने दोन ओहमच धरून गुंडाळून घेतला होता. ओझे किती द्यायचे ते त्याने आधी ठरवले आणि खांदा त्या बेताचा घडवला. मी ओझे आधी चढवले!

या कथेतला दुसरा मास्तर लंडनचा. जिम मार्शल हा ड्रम वाजवायला शिकवी. १९६० साली त्याने पश्चिम लंडनमधल्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान उघडले. गिटारवाली पोरे तिथे येऊन तक्रार करीत, की हवा तसा अॅम्प्लिफायर मिळत नाही. तेव्हा मार्शलने केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या कारागिरांच्या मदतीने १९६२ च्या सुमारास स्वतःचा बनवला. समोर नमुना होता फेंडरच्या बासमनचा. स्पीकर घेतले ते बारा इंची सेलेस्टियन कंपनीचे. तेव्हा असा एक स्पीकर जेमतेम पंधरा-वीस वॅट सोसायचा. दोन बसवले, ते फुटू लागले. मग चार घेऊन ते बंद पेटीत बसवले.

ही जोडणी मोठी विचाराची आहे. सोळा ओहमचे दोन स्पीकर एकसर जोडले की बत्तीस होतात. अशा दोन जोड्या समांतर लावल्या की पुन्हा सोळा. स्पीकर चार, पण यंत्राला भासतो तो एकाचाच रोध! प्रत्येकाच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो. एक निकामी झाला तर त्याचा सोबती गप्प होतो, पण दुसरी जोडी गात राहते.

पुढे १९६५ साली 'द हू' या वाद्यवृंदाचा पीट टाउनशेंड आठ स्पीकरांची एकच पेटी मागू लागला. मार्शलने ती करून दिली. सामान वाहणाऱ्यांना ती उचलेना! तेव्हा पेटीचे दोन तुकडे करून एकावर एक रचले, आणि जगभरच्या रंगमंचांवर दिसणारी ती काळी भिंत जन्माला आली. सोळा-सोळाच्या दोन पेट्या समांतर म्हणजे आठ ओहम. यंत्रामागचा खटका त्या आकड्यावर फिरवायचा, की झाले. त्या आवाजाची किंमतही मोठी होती. टाउनशेंडने आपल्या बिघडलेल्या कानांबद्दल पुढे स्वतःच जाहीरपणे सांगितले. चौघांत वाटला तरी आवाज शेवटी दोनच कानांवर पडतो.

त्या अॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीचे पैसे मी दिले. पोरगा घेईना; त्याच्या आईच्या हातावर ठेवले. पण संमेलनातले ते अर्धे राहिलेले गाणे काही परत आले नाही.

यंदा तो फराळाला आला. अंगणात त्याची गिटार होती आणि आमचे तेच चार स्पीकर. मी सवयीने तारा पिळायला पुढे झालो, तर त्याने माझा हात धरला. "सर, आधी गणित."

मी पाटी आणली. आठ नि आठ सोळा, दोन सोळांचे समांतर आठ. त्याने यंत्रामागचा आकडा वाचून दाखवला आणि मान हलवली. मग छोटा सेल लावून प्रत्येक शंकू बाहेरच उडतो आहे ना, ते तपासले. कारण एखादा उलटा जोडला गेला तर एक हवा ढकलतो नि दुसरा ओढतो, आणि खर्ज नाहीसा होतो. हे मात्र मला ठाऊक नव्हते. चकलीचा तुकडा तोंडात धरून मी ते गुपचूप पाटीवर लिहून घेतले.

मग त्याने ते गाणे सुरुवातीपासून वाजवले.