सर्व्हिस ब्रोकर

क्लाउड प्लॅटफॉर्मवर चालणाऱ्या ॲपला डेटाबेस, मेसेज क्यू, कॅश अशा सेवा मिळवून देणारा मध्यस्थ प्रोग्राम. व्हीएमवेअरने २०११ मध्ये जाहीर केलेल्या क्लाउड फाउंड्री या ओपन सोर्स प्लॅटफॉर्मवर ही रचना रुजली. डेव्हलपरने सेवा मागितली की प्लॅटफॉर्म ब्रोकरला एचटीटीपीवरून विनंती पाठवतो. डेटाबेस कुठे आणि कसा उभा राहतो, हे फक्त ब्रोकरला ठाऊक असते. डिसेंबर २०१६ मध्ये हीच पद्धत ‘ओपन सर्व्हिस ब्रोकर एपीआय’ या नावाने खुली झाली आणि कुबरनेटीस या दुसऱ्या प्लॅटफॉर्मलाही वापरता येऊ लागली.

ब्रोकरची कामे मोजकीच: उपलब्ध सेवा व प्लॅन यांचा कॅटलॉग देणे, सेवेचा इन्स्टन्स तयार करणे, तो ॲपला जोडणे (बाइंडिंग), जोडणी तोडणे आणि इन्स्टन्स काढून टाकणे. एवढे लिहायला फारसा वेळ लागत नाही. डिझाइनचा खरा कस लागतो तो उत्तर वाटेत हरवल्यावर. ब्रोकरने डेटाबेस तयार केला, पण उत्तर पोहोचण्याआधीच कनेक्शन तुटले, तर प्लॅटफॉर्मच्या नोंदीत तो डेटाबेस नसतो आणि सर्व्हरवर मात्र जागा अडवून बसतो. अशा बेवारस इन्स्टन्सची सफाई व्हावी म्हणून प्लॅटफॉर्म स्वतःहून डिलीटची विनंती पाठवतो. म्हणून अर्धवट तयार झालेली गोष्टही ब्रोकरला काढता आलीच पाहिजे. आधीच नाहीशी झालेली असल्यास त्याने एचटीटीपीचा ४१० हा कोड द्यावा. तीच निर्मितीची विनंती पुन्हा आली तर दुसरा डेटाबेस न बनवता २००, आणि आयडी तोच पण तपशील वेगळा असल्यास ४०९.

हे साधण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे प्लॅटफॉर्मने दिलेल्या आयडीवरूनच डेटाबेसचे आणि त्याच्या युजरचे नाव ठरवणे. मग ब्रोकर रीस्टार्ट झाला तरी कोणता डेटाबेस कोणत्या आयडीचा हे शोधता येते. मायएसक्यूएलमध्ये युजरनेम ३२ अक्षरांपुरतेच असते आणि क्लाउड फाउंड्रीचा आयडी ३६ अक्षरांचा. तिथे आयडीचा हॅश काढून तो आखूड करून वापरतात.

व्हर्च्युअल मशीन उभारण्यासारखे वेळखाऊ काम असेल तर ब्रोकर ताबडतोब २०२ कळवतो आणि प्लॅटफॉर्म अधूनमधून प्रगती विचारत राहतो. प्लॅटफॉर्म असे थांबायला तयार नसल्यास ४२२.

बाइंडिंगच्या वेळी ब्रोकर होस्ट, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड देतो. क्लाउड फाउंड्री ते ‘व्हीकॅप_सर्व्हिसेस’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून ॲपपर्यंत पोहोचवते. प्रत्येक बाइंडिंगला वेगळा युजर देणे हीच योग्य पद्धत. सर्व ॲप्सना एकच पासवर्ड दिला तर एका ॲपची जोडणी तोडताना एकतर तो पासवर्ड बदलून बाकीची ॲप्स बंद पाडावी लागतात, नाहीतर काढलेल्या ॲपच्या हाती डेटाबेसची किल्ली तशीच राहते.