मिक्सिंगच्या दुकानापासून स्क्रीन रेकॉर्डरपर्यंत

गेम खेळताना पडद्यावरचे चित्र टिपून ठेवायचा इतिहास सांगायचा झाला की सॉफ्टवेअरची वंशावळ मांडली जाते : 1999 चे फ्रॅप्स, 2012 चे ओबीएस, पाठोपाठ एनव्हिडियाचे शॅडोप्ले. वंशावळ खरी आहे, पण ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांना ती लावून पाहिली तर फारसे काही उलगडत नाही. इथे सॉफ्टवेअरची उणीव हा मुख्य अडसर नव्हताच. अडसर होता फाइलच्या आकाराचा, आणि हिशेब केला की तो लगेच दिसतो. 1280 गुणिले 720 पिक्सेलचे चित्र, दर पिक्सेलला तीन बाइट, सेकंदाला 30 चित्रे. म्हणजे सेकंदाला सुमारे 83 एमबी आणि मिनिटाला जवळजवळ 5 जीबी. फ्रॅप्स हा डोंगर थोडाच दाबत असे, कारण गेम चालू असताना प्रोसेसरला त्याहून जास्त राबवणे परवडत नव्हते. आधी हार्ड डिस्क भरायची, मग वर्च्युअलडब उघडून एक्सव्हिडमध्ये तासन्‌तास एन्कोड करायचे. ज्या वर्षांत शहरातली मुले हे करत होती, त्याच वर्षांत ग्रामीण महाराष्ट्र भारनियमनाने बेजार होता. रेंडर निम्म्यावर असताना दिवे गेले की काम पहिल्यापासून.

यावर कोणी म्हणेल, खरी उणीव माहितीची होती. एन्कोडिंग म्हणजे काय हेच तालुक्यात कोणाला ठाऊक नसेल. हे पटण्यासारखे नाही. ही विद्या तालुक्याच्या बाजारपेठेत नांदत होती, लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे. मिनीडीव्ही टेपवरचे लग्न फायरवायरने संगणकात घ्यायचे, तासाला 13 जीबी जागा द्यायची, मिक्सिंग करायचे आणि एमपेग-2 मध्ये दाबून 4.7 जीबीच्या डीव्हीडीवर उतरवायचे. त्याआधी हेच व्हीसीडीसाठी एमपेग-1 मध्ये होई. गेमच्या रेकॉर्डिंगला याहून वेगळे काय लागते? कॅप्चर तेच, कापाकापी तीच, दाबणे तेच. फरक पैशाचा होता. डिस्क, इन्व्हर्टर आणि रात्रीचे जागरण यांचा खर्च लग्नाच्या बिलातून वसूल होई. पोराच्या गेमचे बिल कोण भरणार? विद्या होती, यंत्रे होती, तरी छंद रुजला नाही, यावरून कारण सॉफ्टवेअरपलीकडे शोधावे लागते.

ते कारण फोनने दूर केले. 2003 मध्ये प्रमाणित झालेले एच.264 पुढे फोनच्या चिपमध्येच बसवले गेले, आणि चित्र टिपता टिपता दाबणे शक्य झाले. सेकंदाला 5 मेगाबिटने धरले तर मिनिटाचे 720पी रेकॉर्डिंग 38 एमबीच्या आत बसते. मूळच्या जवळपास 130 व्या हिश्शात. 2014 च्या अँड्रॉइड 5 ने रूट न करता पडदा टिपायची परवानगी ॲपना दिली. हे सॉफ्टवेअरच नव्हे का, हा आक्षेप रास्त आहे, आणि तेवढे श्रेय द्यायलाच हवे. पण ती परवानगी उपयोगी पडली ती चिप आधीच तयार होती म्हणून. नुसती परवानगी मिळून प्रोसेसरवरच भार पडला असता, तर स्वस्त फोनवर गेम अडखळत राहिला असता.

नेटवर्कचे काय? सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, डिसेंबरात मुरबाड तालुक्यातले धसई राज्यातले पहिले कॅशलेस गाव म्हणून गाजले, त्यामुळे सगळे नेटवर्कनेच घडवले असे वाटणे साहजिक आहे. मला ते अर्धेच खरे वाटते. कार्ड घासायला काही केबी पुरतात. दहा मिनिटांचा खेळ चढवायला 375 एमबी लागतात, म्हणजे दिवसाला 1.5 जीबीच्या प्लॅनचा चौथा हिस्सा. नेटवर्कमुळे पाहणे सोपे झाले, चढवणे महागच राहिले. 2018 मध्ये पबजी मोबाइल आल्यावर रेकॉर्डिंग करणे आवाक्यात होते, पण ते सगळेच यूट्यूबवर जाण्याजोगे नव्हते. म्हणून या काळाचा पुरावा शोधायचा तर यूट्यूबइतकाच फोनच्या मेमरीतही शोधावा लागेल.

त्या पुराव्याचे एक वैशिष्ट्य आहे. 2019 च्या अँड्रॉइड 10 पर्यंत साध्या ॲपना गेमचा आतला आवाज मिळत नसे. तो मायक्रोफोनवाटे घ्यावा लागे. खेळाबरोबर घरातली बोलणी, पंखा, पत्र्यावरचा पाऊस असे जे जे आसपास असेल ते फाइलमध्ये उतरे. रेकॉर्डिंग करणाऱ्याला तो दोष वाटला असणार. इतिहासाच्या दृष्टीने तीच त्यातली मोलाची गोष्ट. पबजी मोबाइलवर 2 सप्टेंबर 2020 रोजी बंदी आली, आणि 2020 च्याच अँड्रॉइड 11 पासून रेकॉर्डर मूळ प्रणालीतच आला, आतल्या आवाजासकट. तेव्हा जुना फोन एक्स्चेंजमध्ये देण्याआधी त्यातला स्क्रीन रेकॉर्डिंगचा फोल्डर उघडून पाहा, आणि फाइली मूळच्याच स्वरूपात उतरवून घ्या. जागा वाचवायला पुन्हा एन्कोड करू नका, कारण दर वेळी काही तपशील कायमचा जातो.